लहरी जनतेच्या, परवाना मालकाचा : अमेरिकेतील स्थानिक रेडिओच्या मालकीची शंभर वर्षे

एखादे रेडिओ केंद्र विकले गेले असे आपण वाचतो, तेव्हा प्रत्यक्षात काय विकले जाते हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. इमारत, मनोरा, प्रक्षेपणयंत्र, माइक आणि खुर्च्या यांची किंमत एकूण व्यवहारात बहुधा किरकोळ असते. खरी किंमत असते ती परवान्याची, आणि अमेरिकेच्या कायद्यानुसार हा परवाना म्हणजे लहरींची मालकी नसते. १९३४ च्या दळणवळण कायद्यात स्पष्ट म्हटले आहे, की रेडिओलहरींचा वापर करण्याची मुभा सरकार ठरावीक मुदतीसाठी देईल, परंतु त्या लहरींवर मालकी हक्क कोणालाही मिळणार नाही. म्हणूनच एका मालकाकडून दुसऱ्याकडे केंद्र जाताना दोघांमधला करार पुरेसा ठरत नाही आणि फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची, म्हणजे एफसीसीची, मंजुरी घ्यावी लागते. ही एक गोष्ट नीट लक्षात घेतली, तर पुढचा सगळा इतिहास उलगडणे सोपे जाते. एका हातात किती परवाने असावेत, हे बाजाराने आपोआप ठरवलेले नाही. ते दर वेळी सरकारने, संसदेने किंवा न्यायालयाने ठरवले आहे.

परवान्याला इतकी किंमत का येते, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. एफएमसाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा राखून ठेवलेला आहे आणि त्याचे ०.२ मेगाहर्ट्झचे शंभर भाग पाडलेले आहेत. परंतु एकाच शहरात हे शंभरही भाग वापरता येत नाहीत, कारण शेजारशेजारची केंद्रे एकमेकांच्या आवाजात मिसळू लागतात. त्यामुळे पूर्ण शक्तीच्या दोन केंद्रांमध्ये एका शहरात साधारणपणे ०.८ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवले जाते. म्हणजे शहर कितीही मोठे असले, तरी पूर्ण शक्तीच्या एफएम केंद्रांची संख्या पंचविसाच्या आसपास जाऊन थांबते. वर्तमानपत्र नवे काढता येते, दुकान नवे टाकता येते, पण शहरातल्या लहरी भरल्या की नवे मोठे केंद्र काढता येत नाही. मग असलेलेच विकत घ्यावे लागते.

सुरुवातीला मात्र या परवान्यांना कोणी विचारतही नव्हते. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल सांगितले, तेव्हा ते केंद्र वेस्टिंगहाऊस या विजेची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीचे होते. लोकांनी रेडिओसंच विकत घ्यावेत म्हणून काहीतरी ऐकवणे भाग आहे, एवढाच तिचा हिशेब होता. पुढच्या चार-पाच वर्षांत मालक झालेल्या मंडळींची यादी आज पाहिली तर नवल वाटते, कारण तिच्यात विद्यापीठे, चर्च, वर्तमानपत्रे, दुकाने आणि विमा कंपन्या होत्या. त्या काळच्या खुणा केंद्रांच्या नावांतही उरल्या आहेत. शिकागोचे डब्ल्यूएलएस हे सीअर्स या दुकानदार कंपनीने काढले आणि त्या तीन अक्षरांचा अर्थ 'जगातले सर्वांत मोठे दुकान' असा होता. त्याच शहरातल्या डब्ल्यूजीएनची अक्षरे शिकागो ट्रिब्यूनच्या 'जगातले सर्वश्रेष्ठ वर्तमानपत्र' या ब्रीदावरून आली. नॅशव्हिलचे डब्ल्यूएसएम हे एका विमा कंपनीचे होते आणि 'लाखोंचे रक्षण आम्ही करतो' हे तिचे घोषवाक्य त्या नावात दडलेले होते. यांपैकी कोणालाही रेडिओ हा स्वतंत्र धंदा वाटत नव्हता. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्राने १९२२ मध्ये पैसे घेऊन प्रक्षेपणाची वेळ विकली आणि जाहिरातींवर केंद्र चालू शकते हे दिसले, तेव्हा चित्र पालटू लागले.

१९२६ मध्ये एका न्यायालयीन निकालाने सरकारचे हात बांधले. परवाना नाकारण्याचा किंवा ठरावीक लहर बंधनकारक करण्याचा अधिकार तत्कालीन कायद्याने व्यापारमंत्र्यांना दिलेलाच नाही, असे ठरले आणि काही महिन्यांतच केंद्रांनी मनाला येईल ती लहर वापरायला सुरुवात केली. एकाच जागी दोन-तीन आवाज ऐकू येऊ लागले. या गोंधळातून १९२७ चा रेडिओ कायदा जन्माला आला, आणि त्याच्याबरोबर 'लोकहित, सोय आणि गरज' हा निकषही. परवाना मिळायचा तो या कसोटीवर. १९३४ मध्ये एफसीसी स्थापन झाली आणि तिने हीच कसोटी पुढे चालवली. शब्द मोघम आहेत हे खरे, पण त्या मोघमपणातच पुढच्या सगळ्या वादांची जागा होती, कारण लोकहित म्हणजे काय हे प्रत्येक पिढीने आपापल्या परीने ठरवले.

पहिला मोठा वाद केंद्रांच्या मालकांपेक्षा त्यांना कार्यक्रम पुरवणाऱ्या जाळ्यांविषयी होता. एनबीसी या प्रसारण कंपनीकडे 'रेड' आणि 'ब्लू' अशी दोन जाळी होती आणि स्थानिक केंद्रांशी केलेले तिचे करार इतके कडक होते, की मालक गावातला असूनही आपल्या केंद्रावरून काय वाजावे हे त्याच्या हातात फारसे उरत नसे. एफसीसीने १९४१ मध्ये या करारांवर बंधने घातली, १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि एनबीसीला 'ब्लू' जाळे विकावे लागले. ते ८० लाख डॉलरला एडवर्ड नोबल या गोड गोळ्यांच्या व्यापाऱ्याने घेतले आणि त्याचेच पुढे एबीसी झाले. आज या प्रकरणाचा उल्लेख क्वचित होतो, पण मला ते महत्त्वाचे वाटते. कागदावरची मालकी आणि निर्णयाची सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे सरकारने तेव्हा पहिल्यांदा मान्य केले.

याच दशकात एफसीसीने आणखी एक साधा नियम घट्ट केला. एका भागात एका मालकाला एकाच प्रकारची, म्हणजे दोन एएम (मध्यम लहरींची) किंवा दोन एफएम, केंद्रे ठेवता येणार नाहीत. देशभरासाठीही मर्यादा आली. १९५३ पासून कोणत्याही मालकाला जास्तीत जास्त सात एएम आणि सात एफएम केंद्रे ठेवता येत असत. एका प्रसारण कंपनीने याला आव्हान दिले, परंतु १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफसीसीची बाजू घेतली. पुढची जवळजवळ तीस वर्षे ही सातांची मर्यादा टिकली, आणि अमेरिकेतील लोक 'आमच्या गावचा रेडिओ' म्हणून ज्याची आठवण काढतात, तो बहुतांशी या तीस वर्षांतला आहे. मालक गावात राहणारा, सकाळच्या बातम्या सांगणारा माणूस शाळेच्या सामन्यांचे समालोचनही करणारा, आणि जाहिरात हवी असलेला दुकानदार थेट मालकाकडे जाणारा, असे ते चित्र होते.

या काळाला सुवर्णकाळ म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. गावातला मालक म्हणजे जवळजवळ नेहमीच गोरा आणि पैसेवाला मालक असे. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयएने १९४० च्या दशकाच्या अखेरीस सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी करायला सुरुवात केली, निवेदकही कृष्णवर्णीय नेमले, पण मालक मात्र गोरेच होते. कृष्णवर्णीय मालकाचे पहिले केंद्र ठरले ते अटलांटाचे डब्ल्यूईआरडी. जेसी ब्लेटन या हिशेबतपासनीस आणि प्राध्यापकाने ते १९४९ मध्ये विकत घेतले. ही तफावत भरून काढण्यासाठी सरकारने पहिले ठोस पाऊल उचलले ते थेट १९७८ मध्ये. अल्पसंख्य समाजातील खरेदीदाराला केंद्र विकणाऱ्यास करात सवलत देण्याचे धोरण एफसीसीने तेव्हा आणले. कॅथी ह्यूज यांनी १९८० मध्ये वॉशिंग्टनचे डब्ल्यूओएल घेतले, आणि त्यातून पुढे रेडिओ वन ही मोठी कंपनी उभी राहिली. करसवलतीचे हे धोरण संसदेने १९९५ मध्ये रद्द केले.

१९६२ मध्ये आलेला एक नियम सामान्य वाचकाला बहुधा माहीत नसतो, पण माझ्या मते तो कळीचा आहे. केंद्र घेतल्यानंतर ते निदान तीन वर्षे स्वतःकडे ठेवणे मालकावर बंधनकारक होते. यामागचा विचार सरळ होता. ज्याला तीन वर्षे चालवायचे आहे, तो त्या गावाशी नाते जोडेल, आणि ज्याला सहा महिन्यांत नफ्याने विकायचे आहे, तो जोडणार नाही. १९८२ मध्ये हा नियम काढून टाकण्यात आला. त्याच दशकात सातांची मर्यादा बारांवर गेली आणि नव्या एफएम केंद्रांसाठी शेकडो जागा खुल्या झाल्या. परवाना ही खरेदी-विक्रीची वस्तू बनली, केंद्रे कर्ज काढून चढ्या भावाने घेतली जाऊ लागली, आणि जाहिरातींचा पैसा मात्र तेवढाच राहून अधिक केंद्रांत वाटला जाऊ लागला.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९९० च्या दशकाच्या आरंभी देशातली निम्म्याहून अधिक केंद्रे तोट्यात होती. मर्यादा सैल करण्याची मागणी करणाऱ्यांच्या म्हणण्यात म्हणूनच तथ्य होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दोन बुडणारी केंद्रे एका छपराखाली आली, तर एक अभियंता, एक हिशेबनीस आणि एक जाहिरात विभाग दोघांना पुरतो आणि कदाचित दोन्ही तगतात. एफसीसीने १९९२ मध्ये हे मान्य केले, मोठ्या शहरांत एका मालकाला चार केंद्रांपर्यंत मुभा दिली, आणि देशपातळीवरची मर्यादा वाढवत वाढवत १९९४ पर्यंत वीस एएम आणि वीस एफएम अशी चाळिसांवर नेली.

यानंतर ८ फेब्रुवारी १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली. हा कायदा मुख्यतः टेलिफोन आणि केबल कंपन्यांसाठी होता आणि रेडिओविषयीचा मजकूर त्यात अगदी थोडा होता. पण त्या थोड्या मजकुराने देशपातळीवरची मर्यादा पूर्णपणे काढून टाकली. उरली ती फक्त स्थानिक मर्यादा. ज्या भागात ४५ किंवा अधिक केंद्रे आहेत तिथे एका मालकाला आठ (त्यांपैकी एका प्रकारची पाचच), ३० ते ४४ असतील तिथे सात, १५ ते २९ असतील तिथे सहा, आणि १४ किंवा कमी असतील तिथे पाच, परंतु तीही एकूण केंद्रांच्या निम्म्याहून अधिक नाहीत. ही पायरी आजही जशीच्या तशी लागू आहे.

पुढे जे घडले त्याचा वेग थक्क करणारा होता. टेक्सासच्या सॅन अँटोनिओमध्ये १९७२ साली एका एफएम केंद्रापासून सुरू झालेल्या क्लिअर चॅनेल कंपनीकडे कायद्याआधी सुमारे ४० केंद्रे होती, आणि काही वर्षांतच ती १,२०० च्या वर गेली. एफसीसीच्याच मोजणीनुसार मार्च १९९६ ते मार्च २००२ या सहा वर्षांत व्यापारी केंद्रांची संख्या सुमारे ५ टक्क्यांनी वाढली, आणि मालकांची संख्या मात्र ३४ टक्क्यांनी घटली. म्हणजे दर तीन मालकांपैकी एक नाहीसा झाला. यांतल्या कित्येकांनी आनंदाने विकले, कारण आयुष्यभर जेवढे कमावले नव्हते तेवढे त्यांना एका सहीत मिळत होते.

एकाच गावात पाच-सहा केंद्रे घेण्याचे गणित समजून घेतले, की श्रोत्याला पडणारा फरक आपोआप कळतो. सहाही केंद्रांसाठी एक इमारत आणि एक व्यवस्थापक पुरतो. एक केंद्र जुनी गाणी वाजवते, दुसरे कंट्री संगीत, तिसरे चर्चा, असे श्रोत्यांचे गट वाटून घेतले जातात आणि जाहिरातदाराला सगळ्यांचा मिळून एकच दर सांगता येतो. पैसा वाचतो तो मात्र प्रामुख्याने माणसांवर. दुसऱ्या शहरातला निवेदक चार तासांच्या कार्यक्रमातले आपले बोलणे अर्ध्या तासात ध्वनिमुद्रित करतो आणि संगणक ते गाण्यांच्या मधे पेरतो. गावाचे नाव आणि हवामानाचा एखादा उल्लेख आधी विचारून घेतलेला असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला माणूस समोरच बसला आहे असे वाटते. प्रत्यक्षात खोली रिकामी असते.

या रिकाम्या खोलीचा अर्थ १८ जानेवारी २००२ च्या पहाटे नॉर्थ डकोटातील मायनॉट शहरात देशाला कळला. मध्यरात्रीनंतर मालगाडी रुळांवरून घसरली, टाक्या फुटून अमोनियाचा ढग वस्तीवर पसरला, एक मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना इजा झाली. शहरातली सहा व्यापारी केंद्रे क्लिअर चॅनेलची होती. लोकांनी सवयीने रेडिओ लावला, पण आवश्यक सूचना वेळेवर मिळाल्या नाहीत, आणि पोलिसांना केंद्राशी संपर्क साधता आला नाही. केंद्रावर माणूस हजर होता आणि आणीबाणीच्या सूचनायंत्रणेचा वापर पोलिसांनीच नीट केला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. दोष नेमका कोणाचा हा वाद तेव्हाही होता आणि आजही त्याची दोन उत्तरे दिली जातात. मला त्यातली एक गोष्ट निर्विवाद वाटते. सहा वेगळे मालक असते, तर रात्री ठोठावायला सहा वेगळी दारे असती.

मालकीच्या या लाटेत कर्जाची बाजू दुर्लक्षून चालणार नाही, कारण पुढच्या बहुतेक कपाती त्या कर्जामुळे झाल्या. २००८ मध्ये दोन गुंतवणूक कंपन्यांनी क्लिअर चॅनेल विकत घेतली, तीही मुख्यतः उसन्या पैशाने, आणि ते उसने पैसे फेडण्याची जबाबदारी विकत घेतलेल्या कंपनीवरच आली. त्याच वर्षी आर्थिक मंदीने जाहिराती आटल्या, आणि पाठोपाठ गाणी व जाहिराती दोन्ही मोबाइलकडे वळल्या. कंपनीचे नाव २०१४ मध्ये आयहार्टमीडिया झाले, पण कर्ज तेच राहिले, आणि मार्च २०१८ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलरच्या ओझ्यासह तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. क्युम्युलस ही दुसरी मोठी कंपनी चार महिने आधीच त्या वाटेने गेली होती, आणि ऑडेसी २०२४ मध्ये गेली. अशा दिवाळखोरीत केंद्रे सहसा बंद पडत नाहीत. कर्ज देणारे स्वतःच मालक होतात. म्हणजे गावच्या केंद्राची मालकी आधी गावातल्या माणसाकडून कंपनीकडे गेली, आणि मग कंपनीकडून तिच्या सावकारांकडे.

न्यायालयांतील लढाई तर सतरा वर्षे चालली. एफसीसीने जून २००३ मध्ये मालकीचे नियम आणखी सैल करण्याचा निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनी घेतला. त्याला आव्हान देणाऱ्यांत पुढे होता तो फिलाडेल्फियाचा प्रोमिथिअस रेडिओ प्रोजेक्ट, म्हणजे विनापरवाना प्रक्षेपण करण्यापासून सुरुवात केलेल्या कार्यकर्त्यांचा छोटा गट. २००४ मध्ये अपील न्यायालयाने बहुतेक बदल रोखले, आणि पुढेही वारंवार रोखत राहिले. अखेर १ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एफसीसीच्या बाजूने निकाल दिला, आणि एकाच शहरात वर्तमानपत्र व प्रसारण केंद्र एका मालकाकडे नसावे ही १९७५ पासूनची बंदी कायमची उठली. तरीही रेडिओची १९९६ ची स्थानिक मर्यादा या सगळ्या काळात हलली नाही.

याच गटाने दुसऱ्या बाजूने मिळवलेला विजय मला अधिक टिकाऊ वाटतो. जानेवारी २००० मध्ये एफसीसीने कमी शक्तीच्या एफएमचा वर्ग निर्माण केला. शक्ती जास्तीत जास्त १०० वॉट, पल्ला साडेपाच किलोमीटरच्या आसपास, आणि परवाना फक्त ना-नफा स्थानिक संस्थांना. मोठ्या केंद्रांनी आवाजात आवाज मिसळेल अशी ओरड केली, म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने या केंद्रांवर इतक्या अटी घातल्या की शहरांत त्यांना जागाच उरली नाही. पुढे सरकारनेच करवून घेतलेल्या तांत्रिक अभ्यासात ही भीती बहुतांशी निराधार ठरली, आणि ४ जानेवारी २०११ रोजी नव्या कायद्याने त्या अटी सैल झाल्या. आज अशी सुमारे २,००० केंद्रे आहेत. त्यांच्याकडे पैसा जवळजवळ नसतो आणि बरीचशी स्वयंसेवकांवर चालतात, पण सामान्यतः एका संस्थेला एकच परवाना हा नियम तिथे अजून जिवंत आहे.

ना-नफा केंद्रांबाबत एक उलटी बाजूही आहे. स्थानिक मर्यादा व्यापारी केंद्रांनाच लागू होते. विद्यापीठे आणि सार्वजनिक संस्था यांच्यासाठी ठेवलेल्या या मोकळीकीचा सर्वाधिक उपयोग मोठ्या धार्मिक जाळ्यांनी केला. एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन ही संस्था के-लव्ह हा ख्रिस्ती संगीताचा कार्यक्रम एका ठिकाणाहून देशभरातल्या शेकडो केंद्रांवर ऐकवते. कर्जबाजारी कंपन्या केंद्रे विकायला काढतात, तेव्हा रोख पैसे घेऊन उभा असलेला खरेदीदार अनेकदा तीच असते. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध डब्ल्यूपीएलजे २०१९ मध्ये असेच तिच्याकडे गेले.

केंद्राने आपल्या गावात किंवा जवळपास मुख्य स्टुडिओ ठेवलाच पाहिजे, हा सुमारे ऐंशी वर्षांचा नियम एफसीसीने ऑक्टोबर २०१७ मध्ये रद्द केला. आता मोठ्या प्रसारकांची मागणी आहे ती १९९६ ची स्थानिक पायरीही काढण्याची. जाहिरातींसाठी आमची स्पर्धा समोरच्या केंद्राशी राहिलेली नसून ज्यांच्यावर कसलीच मर्यादा नाही अशा इंटरनेट कंपन्यांशी आहे, असे ते म्हणतात. जाहिरातीपुरते हे बरोबर आहे. परंतु लोकहिताची कसोटी जाहिरातीच्या बाजारासाठी लिहिलेली नव्हती, आणि नगरपरिषदेची बैठक कोण ऐकवणार या प्रश्नाला इंटरनेट कंपनीशी असलेली स्पर्धा उत्तर देत नाही.

आपले केंद्र कोणाचे आहे हे श्रोत्याला शोधता येते. प्रत्येक केंद्राला दर तासाच्या आरंभी आपली अक्षरे आणि परवान्यातले गाव सांगावे लागते, आणि त्या अक्षरांवरून एफसीसीकडची केंद्राची सार्वजनिक फाइल इंटरनेटवर उघडता येते. मालकीचा अहवाल दर दोन वर्षांनी भरणे बंधनकारक आहे. परवान्याची मुदत आता आठ वर्षांची आहे आणि नूतनीकरणाच्या वेळी कोणताही श्रोता हरकत घेऊ शकतो. हा हक्क १९६६ मध्ये न्यायालयाने मिसिसिपीतील एका दूरचित्रवाणी केंद्राच्या खटल्यात दिला. त्यापूर्वी हरकत घेण्यासाठी आर्थिक नुकसान किंवा लहरींचा अडथळा दाखवावा लागत असे, आणि श्रोता असणे पुरेसे मानले जात नव्हते. नूतनीकरणाची पुढची फेरी मेरीलँड, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि राजधानी वॉशिंग्टन यांच्यापासून सुरू होईल. तिथल्या रेडिओ परवान्यांची मुदत १ ऑक्टोबर २०२७ रोजी संपते.